गेम सेंट्रल स्टेशन : प्रवासी आणि बेघर

मागच्या वेळी आपण कांटच्या आतिथ्यविचारापाशी थांबलो होतो. आज तोच धागा पुढे न्यायचा, पण वाट जरा वेगळी. आज आपण एका कार्टून सिनेमातल्या स्टेशनवर जाऊ.

'रेक-इट राल्फ' हा डिस्नेचा २०१२ सालचा चित्रपट. नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं एक दुकान आहे. रात्री कुलूप लागलं की यंत्रांमधली पात्रं मोकळी होतात. सगळ्या यंत्रांच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या, आणि त्या बोर्डाच्या पोटात आहे गेम सेंट्रल स्टेशन. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलसारखं भव्य. प्रत्येक प्लग म्हणजे एकेका जगाचं दार.

आता इथला नियम ऐका. सॉनिक हे पात्र पडद्यावरून बजावतं : आपल्या गेमबाहेर मेलात, तर पुन्हा उठणं नाही. आपल्या गेममध्ये मात्र कितीही वेळा मरा, पुढच्या डावात हजर! म्हणजे पहा हं, हे अमरपण त्या पात्राचं नाहीच. ते त्याच्या जगाने त्याला दिलेलं आहे.

हसू नका, आपलंही असंच असतं. आम्ही निवृत्त झालो आणि काही महिन्यांनी कॉलेजात गेलो, तेव्हा फाटकावरच्या नव्या रखवालदाराने विचारलं, 'कोणाकडे काम आहे?' आम्ही तेच होतो, पण आमचा प्लग निघाला होता. अर्थात आम्हाला परतायला घर होतं. स्टेशनवर बसलेल्या क्यूबर्टला तेही नाही. त्याचा गेम बंद पडलाय. ये-जा करणाऱ्यांच्या पायांशी बसून तो भीक मागतो.

इथे कांटला आणू. १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात तो म्हणतो की, परक्याला भेटीचा हक्क आहे, वस्तीचा नाही. त्याला परत पाठवता येईल, पण त्याने त्याचा नाश होणार नसेल तरच. या शेवटच्या अटीकडे नीट बघा. वाटसरूसाठी हा न्याय पुरतो. पण ज्याला परत पाठवायला जागाच उरली नाही, त्याचं काय?

हाना आरेंट स्वतः अनेक वर्षं कोणत्याही देशाची नागरिक नव्हती. १९५१ सालच्या ग्रंथात तिने दाखवून दिलं की, माणसाचे हक्क सांभाळणारा समाजच नसेल, तर ते हक्क कागदावर राहतात. म्हणून सगळ्यांत आधी हवा तो हक्क असण्याचा हक्क. क्यूबर्टकडे नेमका तोच नाही.

कोणी म्हणेल, मग दारं सताड उघडी टाकायची का? तसंही नाही. याच गोष्टीत टर्बो आहे. तो दुसऱ्याच्या गेममध्ये घुसला, आणि दोन्ही गेम बंद पडले. म्हणजे तपासणीमागची भीती खोटी नाही. पण टर्बो मत्सरापोटी घुसला, क्यूबर्ट नाइलाजाने बाहेर पडला. दोघांना एकाच चाळणीने चाळणं हा आळस झाला. त्याला न्याय म्हणता येत नाही.

चित्रपटाचं उत्तर काय? शेवटी क्यूबर्ट आणि त्याच्या सोबत्यांना राल्फच्या गेममध्ये काम मिळतं. छान वाटतं. पण आम्हाला इथेच एक खडा लागतो. त्यांना जागा मिळाली ती उपयोगी पडले म्हणून. २०१८ च्या दुसऱ्या भागात 'शुगर रश' बंद पडतो, तेव्हा तिथल्या पोरांना फेलिक्स आणि कॅलहून आपल्या घरी नेतात. ती पोरं चांगलीच त्रास देतात, तरी नेतात. आतिथ्याची खरी कसोटी आम्हाला या दुसऱ्या प्रसंगात दिसते.

पुढच्या वेळी आरेंटपासूनच सुरुवात करू. तोवर एक करा. स्टेशनवर गाडीची वाट बघत असाल, तेव्हा कोणत्याच गाडीची वाट न बघणारं शेजारी कोण बसलंय, तेवढं पहा.