आव्याभोवतीची माणसे

पुण्यात मातीकामाला सध्या बरे दिवस आले आहेत, असे सगळीकडे ऐकू येते. कोथरूडपासून बाणेरपर्यंत शनिवार-रविवारचे वर्ग भरतात. श्रावण लागला की शाडूच्या गणपतींच्या कार्यशाळांना जागा मिळत नाही. थंडीत स्टुडिओतल्या कुंभारांची विक्री-प्रदर्शने होतात आणि भीमथडी जत्रेतही मातीच्या भांड्यांपुढे गर्दी असते. हे सारे खरे आहे आणि त्याचा आनंदही आहे. तरीही या उपक्रमांची संख्या मोजून 'पुण्यात मातीकामाचा समाज उभा राहिला' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. या कार्यक्रमांत माती आहे, हात आहेत, गिऱ्हाईकही आहे, पण विस्तव नाही. शाडूची मूर्ती भाजायची नसतेच, कारण तिला पाण्यात विरघळायचे असते. वर्गात केलेला कप शिकणाऱ्याच्या नजरेआड भाजला जातो आणि आठवड्याने त्याच्या हाती पडतो. विक्रीच्या टेबलावर तर भाजण्याची कथा केव्हाच संपलेली असते. माझे म्हणणे एवढेच की मातीकाम करणाऱ्यांचा समाज भट्टीभोवती तयार होतो. इतर ठिकाणी माणसे जमतात, पण एकमेकांवाचून अडत नाहीत.

या म्हणण्याला आधार आपल्याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्र हा दगडाचा देश, इथल्या काळ्या मातीत कुंभारकामाची थोर परंपरा रुजणे शक्यच नव्हते, असे मत अनेक वर्षे ठासून मांडले जाते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तडकते, हे खरे. पण कुंभार नुसती काळी माती वापरतो असे ही मंडळी कशावरून धरून चालतात? तो नदीचा गाळ घेतो, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतो आणि माती वठणीवर आणतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती उजेडात आली. तिथली 'जोर्वे' नावाने ओळखली जाणारी भांडी चाकावर घडवलेली, तांबड्या अंगावर काळ्या रंगाने चितारलेली आणि इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. भाजायची गोल भट्टीही तिथे सापडली. लहान मुले गेली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरत. कुंभाराचे काम स्वयंपाकापुरते नव्हते, ते घरातल्या सर्वांत मोठ्या दुःखापर्यंत पोचलेले होते. वस्तीच्या रचनेत सधन शेतकरी मध्यभागी आणि कुंभार, सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला, हे ढवळीकरांनी नोंदवले आहे. पुढे उत्तर-जोर्वे काळात पाऊस ओढला, वस्ती खालावली आणि भांडी जाडीभरडी झाली. त्या काळात चाक हरवले नव्हते. भाजणी मात्र पूर्वीची राहिली नाही. गाव विस्कटले की भट्टीवरचा हात आधी सैल होतो, असे मी यातून वाचतो.

इनामगावच्या कुंभारांसारखीच कडेची जागा पुण्यात कसबा पेठेच्या कुंभारवाड्याला मिळाली. सर्वांत जुनी पेठ, तिची नदीकडची बाजू आणि कुंभार वेस. नदीचा गाळ हाताशी आणि धूर वस्तीपासून जरा दूर, असे दुहेरी गणित त्यात होते. आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, रचणे हे एकट्याचे काम नव्हे. खाली शेण्या, लाकूड, पाचट, वर मडक्यांचे थर, फटींत पुन्हा जळण आणि सगळ्यावर फुटक्या खापरांचे व राखमातीचे पांघरूण. मागच्या आव्यात फुटलेले मडके पुढच्या आव्यावर झाकण म्हणून येते, हे मला या धंद्यातले सर्वांत सुंदर काटकसरीचे तत्त्व वाटते. रात्रभर आवा जळतो आणि निवेपर्यंत कोणी हात लावत नाही. उलगडताना शेजारची चार घरे हजर असतात, कारण त्यांचा मालही त्यातच असतो. तडकलेल्या रांजणाचे नुकसान सर्वांसमोर होते आणि ते का झाले याची चर्चाही तिथेच होते. शिक्षण, परीक्षण आणि विमा या तिन्ही गोष्टी त्या राखेच्या ढिगाशी एकत्र नांदत. आव्याचे वेळापत्रक पंचांगातून येई. अक्षय्य तृतीयेला करा, बेंदराला बैल, घटस्थापनेला घट, दिवाळीत पणत्या, लाह्या-बत्तासे भरायची बोळकी आणि मुलांच्या किल्ल्यांवरचे मावळे, संक्रांतीला सुगडे. पुण्याचे सणवार कुंभाराच्या भट्टीने बांधलेले होते. आज मावळे बहुतेक साच्यातून प्लास्टरमध्ये उतरतात आणि त्यांना विस्तवाची गरजच उरलेली नाही.

भाजणी हीच खरी कसोटी, हे मराठी भाषेनेही केव्हाच ओळखले आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, तेव्हा मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थाप मारून कच्चे कोण, पक्के कोण ते पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा घराघरात ठाऊक आहे. काकांची समाधी १३१७ची. त्यांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला कुंभार समाज आजही पाळतो. संतांच्या मेळ्याला पारखण्यासाठी कुंभाराचे घर निवडावे आणि कसोटी आकाराची किंवा नक्षीची न ठेवता भाजलेपणाची ठेवावी, यात या समाजाचे सारे शास्त्र आले आहे.

स्टुडिओतल्या कुंभारकामाचा इतिहास वाचकांना परिचित आहे, तो इथे भराभर सांगतो. १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये सुरू झालेले कुंभारकाम, १९४०मध्ये आलेले बर्नार्ड लीचचे पुस्तक, १९७१मध्ये पाँडिचेरीत सुरू झालेली गोल्डन ब्रिज पॉटरी आणि तिथून देशभर पसरलेले शिष्य. निर्मला पटवर्धनांचे कुंभारांसाठीचे इंग्रजी हस्तपुस्तक १९८४चे. झिलईची कृती दडवून ठेवायची नसते, ती वाटायची असते, ही वृत्ती त्या पुस्तकाने आपल्याकडे आणली. त्या पुस्तकाचे ऋण पुरेसे मानले गेलेले नाही. मात्र हा सारा प्रवाह कुंभारवाड्याच्या शेजारून वाहिला, त्यात मिसळला नाही. एकाला कलाकार म्हणायचे आणि दुसऱ्याला कारागीर, अशी वाटणी झाली आणि ती वाटणी करणाऱ्यांनाच आज समाज उभा राहिल्याचा भास होतो.

म्हणून कुंभारवाडा आणि स्टुडिओ यांनी एका सामायिक भट्टीभोवती यावे, असे मला वाटते. यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तीन वजनदार आहेत. पहिला धुराचा. केशवनगर-मुंढव्याची कुंभारवस्ती २०१७मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, भोवती इमारती उठल्या, तिथे उघडा आवा पेटवणार कसा? उघडा आवा पेटवावाच असा माझा हट्ट नाही. गॅसची किंवा धूर कमी करणारी बंदिस्त सामायिक भट्टी हे काम करील. आपण कुंभाराला विजेचे चाक दिले, ते चांगलेच झाले, पण चाक एकट्याचा वेग वाढवते. भट्टी दहा जणांना एका दिवसाशी बांधते. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो जाणकारांकडून येतो, म्हणून अधिक विचार मागतो. कुंभाराचे मडके ८००-९०० अंश सेल्सिअसला पक्के होते, स्टुडिओतल्या स्टोनवेअरला १२००च्या वर जावे लागते, मग एक भट्टी दोघांना कशी पुरेल? शेवटच्या झिलईच्या भाजणीला ती पुरणार नाही, हे मान्य. पण स्टुडिओतले प्रत्येक भांडे झिलईआधी एकदा भाजावेच लागते. ती बिस्किट भाजणी साधारण ९०० ते १००० अंशांची. कुंभाराची वरची मर्यादा आणि हिची खालची मर्यादा एकमेकींना भिडतात. भट्टीत वर-खाली ताप सारखा नसतोच. त्या फरकाचा उपयोग करून माल कसा रचायचा हे कुंभाराला कोणी शिकवायला नको.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. कुंभाराचे पोट त्यावर आहे, इतरांचा तो छंद. बलुतेदारीची आणि जातीची उतरंड मधे उभी असताना एका भट्टीपाशी बरोबरीने उभे राहण्याची भाषा म्हणजे कुंभाराच्या कष्टावर चढवलेला मुलामा, असे काही अभ्यासक म्हणतात. ही भीती निराधार नाही. भट्टीचा ताबा ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे गेला तर तसे होईलही. म्हणून ती कुंभारवस्तीत असावी, तिचे दिवस कुंभारांनी ठरवावेत आणि इतरांनी भाडे देऊन आपला माल तिथे न्यावा. असे काही घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५५मध्ये ग्रामोदय संघ सुरू केला. गावचा कुंभार हा त्या कामाचा केंद्रबिंदू होता. त्याच्या माती, चाक आणि भट्टीत सुधारणा व्हावी, यासाठी संस्था झटली. कुंभाराला शहराच्या दारात न नेता शिकणाऱ्यांनी त्याच्या भट्टीकडे यावे, ही दिशा तिथे दिसते. सीमेवर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी-ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. तिथेही मातीच्या जवळ जाऊनच शिक्षण उभे राहिले. जपानमधले माशिको हे गावही यासाठी पाहावे. हमादा हा नामांकित कुंभार १९२४च्या सुमारास तिथे गेला तो घरगुती भांडी करणाऱ्या कुंभारांच्या गावात राहायला. आज जगभर गाजणारी तिथली कुंभारजत्रा १९६६पासूनची. गाव आणि त्याच्या भट्ट्या आधी होत्या, बाजार चार दशकांनी आला. आपल्याकडे नेमका उलटा क्रम लावला जातो आणि मग जत्रा संपली की माणसे का पांगतात, असा प्रश्न पडतो.

पुण्याला हा क्रम सुधारायला पंचांग आजही मदत करते. दिवाळीच्या पणत्या संपल्या की कुंभारवाड्यात संक्रांतीच्या सुगडांची घाई सुरू होते. तेच दोन महिने स्टुडिओतल्या कुंभारांचे हिवाळी विक्रीसाठी बिस्किट भाजण्याचे असतात. मार्गशीर्षातला एक दिवस नेमावा, केशवनगरच्या भट्टीत सुगडे आणि कच्चे कप एकत्र रचावेत आणि भट्टी निवल्यावर ती उलगडायला दोन्हीकडच्या माणसांनी हजर राहावे.