वाहनाचा मागोवा आणि खासगीपण

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी आदी सार्वजनिक सेवा वाहनांत स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन कळ बसविणे बंधनकारक झाले. हे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून वाहनाचे स्थान निश्चित करून ते भ्रमणध्वनीच्या जाळ्यामार्फत नियंत्रण कक्षास कळविते. संकटग्रस्त प्रवाशास त्यायोगे साहाय्य मिळू शकते. अनेक नव्या खासगी मोटारींतही अशी सोय असते. तेथील नोंदी मात्र उत्पादकाकडे जातात. मोटार कोठे व किती वेळ थांबली, यावरून मालकाची दिनचर्या उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. सबब, सुरक्षिततेसाठी घेतलेली नोंद त्याच कामापुरती वापरली जाणे इष्ट होय. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने पूर्वीच्या मालकाच्या भ्रमणध्वनीशी असलेली तिची जोडणी प्रथम रद्द करवून घ्यावी.