आजीचं लुगडं ट्रंकेत नको, गोधडीत

मालवण किनाऱ्यावर घरोघरी एखादी पत्र्याची ट्रंक निघतेच. आजीचं लुगडं, वडिलांचा सदरा, पोराचं पहिलं झबलं, सगळं तिच्यात. ‘कात्री लावायला जीव होत नाही, म्हणून जपून ठेवलंय,’ असं सांगतात. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. खाऱ्या, दमट हवेत ट्रंकेत कोंडलेलं सुती कापड जपलं जात नाही. बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते, पत्र्याचा गंज उतरतो आणि शेवटी ते घडीवरच विरतं. गोधडीतलं कापड निदान धुतलं जातं, उन्हं खातं आणि अंगाला लागतं.

‘गोधडी म्हणजे कापूस आलाच,’ हेही खरं नाही. कापूस दुलईत असतो. आपल्या गोधडीत जुन्या कापडांचेच थर असतात आणि धावदोरा ते धरून ठेवतो. त्यामुळे कात्रीही फारशी लागत नाही. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. बाळाच्या मीटरभर दुपट्याला त्यातून चार थर काढले तरी निम्मं उरतं. पहिल्यांदा शिवणाऱ्याने दुपट्यापासूनच सुरुवात करावी. दोन माणसांची गोधडी पहिल्याच खेपेला घेतली, की ती अर्धवट पडून राहते.

‘आठवणीचं आहे ना, मग कुठलंही चिरगुट चालेल,’ असं मात्र नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी आणलेले टेरिकॉटचे शर्ट टिकाऊ असतात, पण घाम शोषत नाहीत आणि सुती कापडाबरोबर आटत नाहीत, मग गोधडीला चुण्या पडतात. जुन्या शालूचं रेशीम घडीवर तुटतं. त्याचा पदर वेगळा जपावा. सुती तुकडे आधी धुऊन घ्या. लाल आणि निळा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. मग प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. जिथे वीण विरळ होऊन उजेड आरपार येतो, तो भाग टाकायचा नाही, मधल्या थरात घालायचा. वर घट्ट कापड. दोरा सुतीच घ्या. तो कापडापेक्षा फार मजबूत असला, तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं.

‘गेलेल्या माणसाचे कपडे वापरू नयेत,’ असं काही घरांत मानतात. ज्याच्या मनाला पटत नाही त्याने करू नये. पण यात काही विपरीत आहे, असं मला वाटत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या मिझूरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. 2002 साली गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. कपडे स्वच्छ धुतलेले असले, की पुढचा प्रश्न फक्त मायेचा उरतो.

‘तुकडे एकसारखे चौकोनी आणि टाके बारीक हवेत,’ या धास्तीने कितीतरी जणी सुई उचलतच नाहीत. गोव्याच्या पलीकडे उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत जातात आणि हाताला येईल तो तुकडा दुमडून बसवत जातात. आधी आखणी नाही, मापं नाहीत. नवशिक्याला ही रीत सोपी पडते. टाके वाकडे आले तर येऊ देत. ओळी जवळजवळ असल्या म्हणजे धुताना थर सरकत नाहीत. त्याला महत्त्व द्या.

आणि हे काम दिवाळीनंतर काढा. आषाढात भिजलेली गोधडी वाळत नाही, कुबट वास धरते. वैशाखात गडग्यावर घातली, की दोन्ही बाजूंनी कडक वाळते. काम मध्येच थांबलं तर सुई कापडात टोचून ठेवू नका. आपल्याकडे ती लवकर गंजते, आणि गंजाचा डाग साबणाने जात नाही.