मोजे आणले, पण माप घेतले का?

खुब्याचे हाड बसवले, सिझर झाले किंवा पोटाचे मोठे ऑपरेशन झाले, की घरच्यांचे सारे लक्ष टाक्यांवर असते. टाके सुकले, पेशंट घरी आला, म्हणजे गंगेत घोडे न्हाले! पण काही पेशंटचा खरा धोका जखमेत नसून पायात असतो. पडून राहिलेल्या पायाच्या खोल शिरेत रक्त गोठते. ती गाठ सुटून फुप्फुसात अडकली, तर चालताबोलता माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. मग गावात एकच चर्चा, "ऑपरेशन तर चांगलं झालं होतं, मग असं अचानक झालं कसं?"

पायातले रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालतो तेव्हा हा पंप चालू असतो, खाटेला खिळला की बंद पडतो. रक्त थबकणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे ही गाठीची तीन कारणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांच्या नावाने ती आजही शिकवली जातात. मोठ्या ऑपरेशननंतर तिन्ही एकत्र येतात.

पंप बंद असताना मदत व्हावी म्हणून दाबाचे लवचिक मोजे देतात. घोट्याजवळ त्यांचा दाब सर्वांत जास्त असतो आणि वर जाताना तो कमी होत जातो. त्यामुळे रक्त वर सरकते. हे थंडीचे मोजे नव्हेत. 'मोठा साइज द्या, सैल बरा' असे म्हणून दुकानातून उचलून आणले तर पैसे वाया गेले असे समजावे.

जाणकारही चुकतात

ही चूक फक्त घरच्यांकडून होते असे नाही. अमेरिकेतील नर्सिंगच्या मासिकात २००८ साली १४२ पेशंटची पाहणी छापून आली. त्यात २९ टक्के पेशंटच्या पायात मोजे चुकीच्या पद्धतीने घातलेले होते आणि २६ टक्क्यांचे मापच चुकले होते. साधनसामग्रीने भरलेल्या दवाखान्यांतली ही तऱ्हा! त्याच वर्षी ३२ देशांतील दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. गाठीचा धोका असलेल्या पेशंटपैकी निम्म्यांनाच योग्य प्रतिबंधक उपाय मिळाल्याचे त्यात दिसले. भारतात तर हे प्रमाण शंभरात सतराच्या आसपास होते.

म्हणून सिस्टर असोत की घरचे, काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. टेपने घोटा आणि पोटरी मोजावी, मोजा मांडीपर्यंतचा असेल तर मांडीही मोजावी. सूज वाढली किंवा उतरली तर माप पुन्हा घ्यावे. मोज्याला सुरकुती राहू देऊ नये. वरची कड गुंडाळून खाली घेऊ नये, ती दोरी बांधल्यासारखी आवळते. रोज मोजे काढून टाच आणि घोटा नीट पाहावा. कातडी लाल, काळसर किंवा सोललेली दिसली तर मोजे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले आहेत, त्यांना डॉक्टरांच्या तपासणीशिवाय मोजे घालूच नयेत.

मोजे म्हणजे सर्व काही नव्हे

लकवा झालेल्या २५१८ पेशंटवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी त्यांच्यात गाठी कमी झाल्या नाहीत. उलट कातडीच्या जखमा वाढल्या, मोजे घातलेल्यांत ५ टक्के, न घातलेल्यांत १ टक्का. पुढे २०२० साली ब्रिटनमधील अभ्यासात असे दिसले, की ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन मिळत असेल, तर बहुतेकांना मोज्यांचा वेगळा फायदा होत नाही. तेव्हा कोणाला इंजेक्शन, कोणाला मोजे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण "आमच्या पेशंटला गाठीचा धोका आहे का? त्यासाठी काय करणार?" हे दोन प्रश्न सुट्टी घेण्याआधी विचारण्याचा हक्क प्रत्येक नातेवाइकाला आहे.

बाजेवरची बाळंतीण

घाटावर असो की घाटाखाली, बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उठू द्यायचे नाही आणि पाणीही बेताने द्यायचे, ही रीत कितीतरी घरांत आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे नेमके गाठीच्या जास्त धोक्याचे असतात, सिझर झाले असेल तर अधिकच. विश्रांती जरूर द्यावी, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला लवकर उठवून घरात चालवावे आणि भरपूर पाणी पाजावे.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, की म्हातारी माणसं म्हणतात, "वात धरला असंल, तेल लावून चोळ." अशा वेळी चोळू नका! गाठ सुटण्याची भीती असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छाती दुखली, खोकल्यातून रक्त आले किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला येतात. बाळाचे वजन करताना आईचे दोन्ही पायही पाहिले, तर एक पैसा खर्च न होता वेळेवर इशारा मिळेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशाताईंच्या बैठकीत डॉक्टरांनी या विषयाला दहा मिनिटे द्यावीत आणि सरपंचांनी गाव आरोग्य समितीत तो मांडावा. मापाची टेप तर गावातल्या शिंप्याकडेही आहे. ती कुठे आणि कशी लावायची, एवढे शिकवणारे कोणी हवे.