महाकाय मानव, कथांतील : जन्म व शैशव

मानवसदृश, परंतु आकाराने अनेक पटींनी मोठ्या अशा कल्पित जातींचा जन्म आणि बाल्य हा पुराणकथा व अद्‌भुत साहित्य यांतील एक जुना विषय. प्रचंड देहाचे मूल जन्मते कसे व त्याचे पोषण कसे होते, या प्रश्नांना निरनिराळ्या परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

पुराणकथा : भारतीय परंपरेने राक्षसांचे शैशव जवळजवळ वगळलेच आहे. रामायणाच्या उत्तरकांडात सालकटंकटा ही राक्षसी आपल्या नवजात पुत्राला, सुकेशाला, टाकून जाते. त्याचे रडणे शंकर-पार्वतींच्या कानी पडते. तेव्हा राक्षसींना गर्भधारणा होताच प्रसूती होईल आणि मूल तत्काळ मातेच्या वयाचे होईल, असा वर पार्वती देते. महाभारताच्या आदिपर्वात हिडिंबेचा पुत्र घटोत्कच हाही असाच जन्मतः तारुण्यात येतो. ग्रीक महाकाव्य ओडिसी यात ओटस व एफिआल्टीझ हे बंधू नवव्या वर्षी रुंदीला नऊ हात व उंचीला नऊ वाव होतात. मात्र दाढी फुटण्यापूर्वीच अपोलो त्यांचा वध करतो. नॉर्स पुराणकथांत थोर देव व यार्नसाक्सा ही राक्षसी यांचा पुत्र माग्नी केवळ तीन रात्रींचा असताना मृत ह्रुंग्निरचा पाय पित्याच्या मानेवरून दूर करतो.

साहित्य : फ्रान्स्वा राबलेच्या गार्गांत्युआ (सु. १५३४) या कादंबरीतील नायक अकरा महिन्यांच्या गर्भवासानंतर मातेच्या डाव्या कानातून जन्मतो आणि रडण्याऐवजी पेय मागतो. त्याच्या दुधासाठी १७,९१३ गाई नेमल्या जातात. त्याचा पुत्र पांताग्र्यूएल याच्या जन्मवेळी मात्र माता बादबेक मृत्यू पावते. पत्नीसाठी रडावे की पुत्रासाठी हसावे, हे पित्याला कळत नाही. जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१७२६) मधील ब्रॉबडिंगनॅगच्या रहिवाशांचे बाल्य सामान्य आहे : वर्षभराचे मूल गलिव्हरला खेळणे समजून त्याचे डोके तोंडात घालते. एच्. जी. वेल्सने द फूड ऑफ द गॉड्स (१९०४) मध्ये विशिष्ट अन्नामुळे अतोनात वाढणारी मुले रंगविली आहेत.

शास्त्रीय विचार : गॅलिलीओने १६३८ मध्ये दाखविल्याप्रमाणे लांबी बारा पट झाल्यास हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ १४४ पट, परंतु वजन १,७२८ पट होते. त्यामुळे तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या जागी सु. ५,२०० किग्रॅ. वजनाचे, म्हणजे पूर्ण वाढलेल्या हत्तीएवढे, मूल जन्मेल आणि त्याच्या हाडांवरील ताण बारा पट असेल. असे मूल मानही सावरू शकणार नाही. सर्व अवयव सारख्याच प्रमाणात वाढले, तर डोके व श्रोणी यांचे गुणोत्तर बदलत नाही; म्हणून मानवी प्रसूतीतील अडचण तशीच राहते. वजन पेलण्यासाठी श्रोणीची हाडे अधिक जाड झाल्यास ती वाढण्याचाच संभव आहे. गर्भावधी आकाराच्या प्रमाणात वाढतो असेही नाही. हत्तिणीचा गर्भावधी सु. २२ महिने, तर तिच्याहून कितीतरी मोठ्या निळ्या देवमाशाचा सु. एक वर्ष असतो. आहाराची गरजही वजनाइतकी वाढत नाही. माक्स क्लायबरने १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार चयापचयाचा वेग वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात असतो. त्यानुसार १,७२८ पट वजनाच्या अर्भकास दूध मात्र सु. २७० पटच लागेल.

वास्तव : प्रत्यक्षातील अतिउंची ही बहुधा पोष ग्रंथीच्या विकारातून उद्‌भवते, तिच्यातून वेगळी जात निर्माण होत नाही. कॅनडातील नोव्हास्कोशियात जन्मलेल्या ॲना स्वॉन हिची उंची सव्वादोन मीटरांहून अधिक होती. १८७९ मध्ये अमेरिकेच्या ओहायओ राज्यात तिला झालेला मुलगा सु. १० किग्रॅ. वजनाचा होता. तो सु. अकरा तासच जगला. तिची पहिली मुलगीही १८७२ मध्ये जन्मतःच दगावली होती. कथाकारांनी वर देऊन वा विनोद करून टाळलेली अडचण या मातेला दोनदा भोगावी लागली.