मांडवाखालची जमीन

दसऱ्याच्या सुमारास नागपूर शहराच्या पोटात आणखी एक शहर उभे राहते. त्याला पाया नसतो आणि भिंतीही नसतात. बल्ल्या, बांबू, ताडपत्र्या, कनाती आणि सतरंज्या एवढ्या भांडवलावर ते चार दिवसांत उभे राहते आणि एका रात्रीत नाहीसे होते. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनापायी ते पुन्हा उगवते. त्यानंतर लग्नसराई येते आणि उन्हाळ्यात पाणपोया. वास्तुकलेच्या इतिहासात किल्ले आणि देवळे असतात, मांडव सहसा नसतो. पण शहरातली माणसे एकत्र येतात ती बहुधा मांडवाखालीच.

इतरत्र ज्याला मंडप डेकोरेटर म्हणतात, त्याला आमच्या विदर्भात बिछायत केंद्र म्हणतात. बँकेत असताना अशाच एका केंद्राच्या कर्जाची फाइल माझ्याकडे होती. बल्ल्या, कनाती, खुर्च्या आणि मोठाली पातेली हे त्या कर्जाचे तारण. अधूनमधून गोदामात जाऊन माल मोजणे हे माझे काम. किराणा व्यापाऱ्याचे गोदाम रिकामे दिसले की बँकेच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. इथे सगळे उलटे होते. भर लग्नसराईत गोदामात चार मोडक्या खुर्च्या उरलेल्या दिसल्या, की हप्ता वेळेवर येणार हे ठरलेले. माल कुठे आहे म्हणून विचारले, तर मालक शांतपणे सांगत, “अर्धा महालात, अर्धा धरमपेठेत, अन् सतरंज्या गेल्या कामठीले.” तारण गावभर पांगलेले असे आणि तीच त्यांची पत होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा अशी गोदामे महिनोन्‌महिने भरलेली राहिली. या धंद्यात भरलेले गोदाम हेच संकट.

या बांधकामाचे मर्म सुतळीच्या गाठीत आहे. खिळा ठोकला की बांबू चिरतो. गाठ सोडली की तो जसाच्या तसा पुढच्या मांडवाला मोकळा. १९९५ साली जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, तेव्हा शिगेरू बान या वास्तुविशारदाने बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरे उभारली. पायाला त्याने वाळू भरलेली, बिअरच्या बाटल्यांची प्लास्टिकची खोकी वापरली. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्येही त्याने कागदी नळ्यांचे घर बांधले. तिथे पाया झाला तो पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्याचा. पुढे २०१४ साली त्याला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हाताशी असेल ते घ्यावे, गरजेपुरते उभारावे आणि काम झाले की सोडवावे, हे शहाणपण आपल्या मांडववाल्यांच्या हातात पूर्वीपासून आहे. आता बल्ल्यांच्या जागी लोखंडी पाइप आले. मोठ्या समारंभांना मध्ये एकही खांब नसलेला ‘जर्मन हँगर’ लागतो. कापडही सुती राहिले नाही.

यातली शेवटची गोष्ट चिंतेची आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुलेच अधिक. कृत्रिम धाग्याचे छत पेटून खाली गळत होते आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. मंडप दोन दिवसांचा असला, तरी त्याखाली बसणाऱ्यांचे आयुष्य दोन दिवसांचे नसते. सजावटीचे पैसे ठरवताना बाहेर पडायच्या वाटा किती, हा प्रश्न यजमानाने आधी विचारायला हवा.

दुसरी चिंता जमिनीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मोकळ्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. आजच्या स्तूपाचे लोकार्पण झाले १८ डिसेंबर २००१ रोजी. मधली पंचेचाळीस वर्षे माणसे त्या जमिनीच्या ओढीनेच येत राहिली. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, उघड्यावर पथारी टाकतात आणि ताडपत्रीखालच्या दुकानांतून पुस्तकांची गाठोडी घेऊन परततात. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते काम थांबवावे लागले. स्तूपाला धोका पोहोचेल ही त्यांची भीती होती. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मैदानावर एरवी काहीच उभे नसते, ते रिकामे नसते. वर्षातून एकदा येणाऱ्यांसाठी ते राखलेले असते.

अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमजवळ पडणाऱ्या धरणे मंडपांचेही तेच. कुणी शिक्षक, कुणी अंगणवाडी सेविका कापडी छताखाली थंडीत बसून असतात. ज्यांना विधानभवनात खुर्ची नाही, त्यांचे सभागृह ते हेच. त्याला लागते फक्त थोडी मोकळी जागा.

शहर वाढते तसा प्रत्येक मोकळा तुकडा डोळ्यांत भरू लागतो. तिथे काहीतरी ‘पक्के’ व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे. बांबू पुन्हा मिळतील, सतरंज्या पुन्हा विणता येतील, गाठ मारणारे हातही तयार होतील. मैदान मात्र कोणत्याच बिछायत केंद्रात भाड्याने मिळत नाही.