चोविसाने भागलेला आकडा

४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत करोनाचे ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेतला शहराचा हा सर्वांत मोठा आकडा. बातम्यांत तो ऐकणाऱ्या माणसाला धास्तावण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पण हाच आकडा महापालिकेच्या २४ विभागांत वाटला, तर सरासरी एका विभागाच्या वाट्याला ४६५ माणसं येतात. इतक्यांना एका दिवसात फोन लावता येतो. कोणाला धाप लागते आहे, कोणाच्या घरात एकच खोली आहे, कोणाला मधुमेह आहे, हे विचारता येतं. मुंबईच्या वॉर्ड वॉर रूमचं सगळं बळ या साध्या भागाकारात होतं. करोनाकाळात या शहराने उभारलेल्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच, तात्पुरत्या जंबो कोविड रुग्णालयांपेक्षाही.

सुरुवात अशी झाली नव्हती. मुंबईत पहिले रुग्ण सापडले ११ मार्च २०२० रोजी, पुण्यात सापडल्यानंतर दोन दिवसांनी. तेव्हा आकडा बोटांवर मोजण्याइतका होता आणि चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय सगळं सांभाळत होतं. महिनाअखेरीस वरळी कोळीवाडा बंद करावा लागला. मे महिन्यात रुग्ण हजारांनी वाढू लागले, तेव्हा अख्ख्या शहराचा भार १९१६ या एका मदतक्रमांकावर पडला. रुग्णाचे नातेवाईक फोन लावून थकायचे, रुग्णवाहिका मिळायची नाही, मिळाली तर रुग्णालयाच्या दारात खाट नसायची. खाटा अजिबात नव्हत्या असं नाही. या घडीला कोणती खाट कुठे मोकळी आहे, हे सांगू शकणारं कोणी नव्हतं.

८ मे रोजी इक्बालसिंह चहल महापालिका आयुक्त झाले. पुढच्या महिन्यात त्यांनी १९१६ च्या मध्यवर्ती कक्षाचं काम २४ विभाग कार्यालयांत वाटून टाकलं; याच त्या वॉर्ड वॉर रूम. प्रत्येक ठिकाणी ३० दूरध्वनी वाहिन्या, फोन घेणारे दहा जण, डॉक्टर, आणि त्या विभागासाठी राखून ठेवलेल्या दहा रुग्णवाहिका. कामाला लावली ती पालिकेचीच माणसं, त्यांत पालिका शाळांतले शिक्षकही होते. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे यायचे, रात्रीतून ते विभागवार वेगळे व्हायचे आणि सकाळी प्रत्येक वॉर रूमच्या हाती त्या दिवसाची यादी पडायची. रुग्णाने खाट शोधत हिंडायचं नाही, वॉर रूमने त्याला फोन करायचा, असा नियम. अहवाल रुग्णाच्या आधी सरकारी यंत्रणेच्या हाती जातो यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. स्वतःच्या शरीराची माहिती माणसाला आधी कळायला हवी.

यादी म्हणजे काय असतं, ते ती हाताळणाऱ्यालाच कळतं. पत्त्याच्या रकान्यात नुसतं ‘अंधेरी पूर्व’. फोन नंबर पुतण्याचा, आणि पुतण्या गावी. एकाच माणसाने दोन प्रयोगशाळांत चाचणी केलेली, एकीकडे नाव मराठी वळणाचं, दुसरीकडे हिंदी; म्हणजे कागदावर दोन रुग्ण. नोकरी मुंबईत आणि घर डोंबिवलीला, मग हा रुग्ण कोणाचा? कल्याण-डोंबिवली पालिकेचा, पण निकटसंपर्क मुंबईच्या कार्यालयातले. झोपडपट्टीतला पत्ता तर इमारत क्रमांकावर चालतच नाही. तिथे मशीद, पाण्याची टाकी, अमक्याचं किराणा दुकान अशा खुणा लागतात, आणि त्या फक्त तिथल्या आरोग्यसेविकेला ठाऊक असतात. पालिकेच्या संध्याकाळच्या पत्रकात जो स्वच्छ, कोरा आकडा दिसायचा, त्याच्या आधी दिवसभर ही झाडझूड चाललेली असे. पत्रकही काही साधंसुधं नव्हतं. विभागवार रुग्ण, वाढीचा दर, दुपटीचा कालावधी, सील केलेल्या इमारती, प्रतिबंधित झोपडपट्ट्या आणि चाळी, रुग्णालयनिहाय खाटा, हे सगळं त्यात रोज छापलं जाई. वाचणाऱ्याला आपला विभाग शोधून कालच्याशी ताडून पाहता येत असे, आणि लोक तसं पाहतही होते.

या शहराने साथ मोजण्याची ही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मृत्यूंची साप्ताहिक नोंद ठेवण्याची पद्धत तेव्हाही पालिकेत होती, पण प्लेगचे मृत्यू इतर तापांच्या नावाखाली जात राहिले. लोक रुग्ण लपवायचे, कारण नोंद झाली की घरझडती, सामान जाळणं आणि माणसाला ओढून इस्पितळात नेणं आलं. लाखो लोक शहर सोडून गेले. अखेर खरा अंदाज बांधायचा तर एकच मार्ग उरला: एरवी या आठवड्यात किती माणसं मरतात आणि आता किती मेली, हा फरक पाहणं. १८९७ चा साथरोग कायदा त्याच दिवसांतला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तोही हाच. कायदा तोच, पण धाक दाखवून मोजायला गेलं की मोजणीच बुडते, हा त्या काळचा धडा मात्र कायद्याच्या पुस्तकात कुठेही लिहिलेला नाही.

तो धडा धारावीने गिरवला. जी उत्तर विभागातली ही वस्ती अडीच चौरस किलोमीटरच्या आत मावते. केंद्र सरकारने तिथली लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,२७,१३६ इतकी सांगितली होती. दहातले आठ जण सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा घरी अलग राहा हा सल्ला तिथे निरर्थक होता, कारण अलग राहायला घरात दुसरी खोलीच नाही. विभागाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग रुग्ण चालत येण्याची वाट पाहिली नाही. वस्तीतले खासगी डॉक्टर, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं तापासाठी जातात, त्यांना सोबत घेतलं. पालिकेची माणसं आणि हे डॉक्टर मिळून ४७,५०० घरांत गेले. शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडासंकुल यांत विलगीकरणाची सोय झाली. तिथे दोन वेळचं जेवण होतं, डॉक्टर होते. शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक होऊ लागली. एप्रिलमध्ये १८ दिवसांत रुग्ण दुप्पट होत होते, मेमध्ये त्याला ४३ दिवस लागू लागले, जूनमध्ये १०८. १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव उदाहरण म्हणून घेतलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथे पहिल्यांदा एकही नवा रुग्ण सापडला नाही.

या यशावर नंतर पुष्कळ भाषणं झाली. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: माणसाला नोंदीत येण्यात फायदा दिसला. नाव सांगितलं तर जेवण, उपचार आणि घरच्यांची तपासणी मिळते, हे कळल्यावर लपवण्याचं कारण उरलं नाही. १८९६ ची मांडवी आणि २०२० ची धारावी यांतला फरक औषधाचा नव्हता. दोन्ही वेळी रामबाण औषध नव्हतंच.

तरीही धारावीचा आलेख पाहताना सावध राहायला हवं. दुपटीचा कालावधी दोन प्रकारे वाढतो: साथ खरोखर मंदावली म्हणजे, किंवा चाचण्या कमी झाल्या म्हणजे. म्हणून शंभर चाचण्यांमागे बाधित किती, हेही त्याच ओळीत वाचावं लागतं. आणि नोंदीबाहेरचं शहर किती मोठं होतं, हे जुलै २०२० मध्ये पुराव्यानिशी समोर आलं. पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन विभागांतून ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली, इमारतींत १६ टक्के. त्या वेळी अख्ख्या मुंबईची अधिकृत रुग्णसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती. म्हणजे बहुसंख्य बाधितांना आपण बाधित आहोत हे कळलंही नव्हतं, आणि यादीलाही ते कळले नव्हते. ही मोजणी पालिकेने स्वतः करून घेतली आणि आपलाच आकडा अपुरा आहे हे दाखवणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मृत्यूंच्या बाबतीत तितकं स्वच्छ चित्र नाही. १६ जून २०२० रोजी राज्याच्या यादीत एकाच दिवशी १,३२८ जुने मृत्यू चढवले गेले, त्यांतले ८६२ मुंबईचे. ही माणसं आधीच्या आठवड्यांत गेली होती. २०२१ च्या उन्हाळ्यातही राज्यात असे मागे राहिलेले मृत्यू हजारांनी जोडावे लागले. मृत्यूच्या नोंदीत रुग्णालयाचा कागद, मृत्युपरीक्षण समितीचा निर्णय, पोर्टलवरची भरणी, असे अनेक टप्पे, आणि लाट आली की पहिल्यांदा तुंबतो तो हाच मार्ग. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरासाठी हा केवळ हिशेब नव्हता. पुढे सरकारी मदतीचा अर्ज याच नोंदीवर अडला किंवा सुटला.

वॉर रूमची खरी कसोटी लागली एप्रिल २०२१ मध्ये. फोन करणाऱ्याच्या घरात प्राणवायूची पातळी ऐंशीच्या खाली गेलेली असायची आणि हाताशी अतिदक्षतेची खाट नसायची. कोणाला आधी द्यायची, हे फोनवरच्या दोन मिनिटांत ठरवावं लागे. हे ठरवणाऱ्यांवर कोणी पुरेसं लिहिलेलं नाही, लिहायला हवं. १६ एप्रिलच्या रात्री प्राणवायू संपत आल्याने सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण हलवावे लागले. ते शक्य झालं, कारण कुठे किती जागा आहे हे त्या रात्री माहीत होतं. जंबो केंद्रांत खाटा राखलेल्या होत्या आणि रुग्णवाहिका विभागांकडे होत्या. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या बाबतीत दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, मार्च २०२० नंतर पहिल्यांदा, शहरात करोनाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

तिसऱ्या लाटेने मोजणीची सवयच बदलली. ७ जानेवारी २०२२ रोजी २०,९७१ रुग्ण, दुसऱ्या लाटेच्या शिखराच्या जवळजवळ दुप्पट, आणि रुग्णालयं मात्र बऱ्याच अंशी मोकळी. लोक घरच्या घरी किट वापरून चाचणी करू लागले होते, त्यांचा निकाल यादीत येईल याची खात्री नव्हती; पालिकेने औषधविक्रेत्यांना किटच्या विक्रीची नोंद ठेवायला सांगितलं. रुग्णसंख्येपेक्षा भरलेल्या खाटा पाहायच्या, हा निर्णय योग्यच होता. पण त्यासोबत घरोघरचा फोनही हळूहळू थांबला आणि विभागांतल्या त्या खोल्या पुन्हा आपापल्या जुन्या कामाला लागल्या.

मग २०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीत गोवर आला. एम पूर्व विभाग, दाट वस्ती, आणि करोनाच्या दोन वर्षांत लशी चुकलेली लहान मुलं. काही मुलं दगावल्यावर यंत्रणा हलली. पुन्हा घरोघर सर्वेक्षण, ताप आणि पुरळ असलेल्या मुलांची यादी, लस न घेतलेल्यांची दुसरी यादी, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा. हे काम करत होत्या त्याच आरोग्यसेविका आणि आरोग्य स्वयंसेविका, ज्यांनी धारावीत दारं ठोठावली होती. लस चुकलेलं मूल कोणत्या गल्लीत आहे, हे कोणत्याही पडद्यावर आधी दिसलं नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. यांतल्या स्वयंसेविका मानधनावर राबतात आणि किमान वेतनासाठी, भविष्य निर्वाह निधीसाठी त्यांना वर्षानुवर्षं आझाद मैदान आणि न्यायालय यांच्या खेपा घालाव्या लागल्या आहेत. पुढच्या साथीची पहिली नोंद त्यांच्याच वहीत होणार आहे, आणि पालिकेच्या अर्थसंकल्पात सर्वांत आधी त्यांच्या पगाराची ओळ असायला हवी.